देवनार ते साळगाव: कचऱ्याच्या मागे मागे केलेला प्रवास

कचऱ्यावर डॉक्युमेंटरी करायची म्हटलं की पहिला विषय ड्रोनचा निघतो. वरून डोंगर, घारी, धूर, खाली मुंगीएवढी माणसं. असे शॉट सगळ्यांनी पाहिलेत आणि ते बघून कोणाला काही वाटेनासं झालंय, असं माझं मत. त्यामुळे आम्ही ठरवलं की ड्रोन न्यायचाच नाही. कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवायचा आणि एकच गोष्ट शोधत जायचं: कचरा वेगळा कोण करतं? कारण वेगळा तर तो कुठेतरी होतोच, घरात होतो, दारात होतो, डोंगरावर होतो, नाहीतर तीस वर्षांनी मशीन लावून होतो, आणि कुठे होतो यावर बाकी सगळं ठरतं.

टीम छोटी. कॅमेऱ्यावर माझा कॉलेजपासूनचा मित्र, साउंडला मैत्रीण, गाडी चालवायला तिचे मामा (त्यांचीच बोलेरो) आणि प्रश्न विचारायला मी. निघायच्या आधी सगळ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, गमबूट आणि एन-९५ मास्क घेतले, आणि फेब्रुवारीत निघालो कारण पावसात डेपोवर गाडी जात नाही आणि मेमध्ये उभं राहवत नाही.

सोमवार – गोवंडी, देवनार, धारावी

देवनारचं डंपिंग १९२७ पासून आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्या वीस वर्षं आधीपासून मुंबई आपला कचरा इथं आणून टाकतेय, १३० हेक्टरच्या आसपास जागा, एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर, बैंगणवाडी, रफीकनगर या दाट वस्त्या. आम्हाला डंपिंग आतून नकोच होतं, घरातून कसं दिसतं ते हवं होतं, म्हणून सकाळी सातलाच रफीकनगरमध्ये पोचलो, एका मावशींनी पोटमाळ्यावर चढू दिलं. खिडकी उघडली की समोर डोंगरच, मधे काहीच नाही. मावशी मूळच्या जालन्याच्या. लग्न होऊन आल्या आणि दुसऱ्या महिन्यापासून सासूबरोबर गोणी घेऊन वर जायला लागल्या.

मी विचारलं, मावशी, गाडी खाली झाली की आधी काय उचलता? त्या म्हणाल्या, "आधी नजरेनं उचलायचं गं. हात मागून जातो. लोखंड, तांबं कोणालाही दिसतं, पण ओल्या कचऱ्याखाली दाबलेलं कडक प्लास्टिक दिसलं पाहिजे." मग त्यांनी हात दाखवले. तळव्यांवर बारीक बारीक चिरांच्या खुणा होत्या, बऱ्याचशा काचेच्या आणि दोन सुईच्या, म्हणजे इंजेक्शनच्या सुईच्या. कोणीतरी घरात इन्सुलिन घेतलं आणि सुई भाजीच्या सालांबरोबर टाकली, तिचा प्रवास या हातात येऊन संपला. हा क्लोजअप आम्ही खूप वेळ घेतला, त्यांनी न कंटाळता हात तसेच धरून ठेवले.

जानेवारी २०१६ मधली आग त्यांना नीट आठवते. तेव्हा धूर इतका होता की अंतराळातून काढलेल्या फोटोंमध्येही दिसला, आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये परत पेटलं. आता हे पेटतं कसं हे समजून घेतलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं कोणीतरी काडी लावतं. काडी लावणारेही असतील, पण मुळात ओला कचरा हवा न लागता दाबून सडला की त्यातून मिथेन तयार होतो आणि मिथेन जळतो, आणि त्याच ढिगात प्लास्टिक, चिंध्या, रबर असं भरपूर जळण आयतं असतं. आपण उष्टं अन्न आणि चिप्सचं पाकीट एका पिशवीत बांधतो तेव्हा गॅस आणि सरपण एकत्रच पाठवत असतो. २०१६ च्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयानं कचऱ्याची सोय होत नाही तोवर शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देऊ नका असं सांगितलं होतं. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी अटी घालून शिथिल केली.

आता मुंबईचा बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, देवनारला थोडाच येतो. २०२५ मध्ये देवनारचा जुना साठा हलवायचं टेंडर निघालं, १ कोटी ८५ लाख टन कचरा आणि अंदाजे खर्च २३०० कोटींच्या वर. बायोमायनिंग म्हणतात त्याला. म्हणजे काय, तर डोंगर खणायचा, वाळवायचा, मोठ्या फिरत्या चाळण्यांमधून काढायचा, माती वेगळी, दगड वेगळे, प्लास्टिक-कापड वेगळं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही करत होतो तेच ना." साउंडवालीनं हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. ते वाक्य स्वच्छ रेकॉर्ड झालंय.

दुपारी धारावी, तेरा कंपाउंड. इथं मुंबईभरचं भंगार येतं आणि प्लास्टिकचे डबे, खुर्च्या, कॅन फोडून, दळून, धुऊन, वितळवून त्याचा दाणा बनतो. एक पोरगा जमिनीवर बसून प्लास्टिकचे तुकडे वेगळे करत होता, तुकडा फरशीवर आपटायचा, आवाज ऐकायचा आणि टोपलीत टाकायचा. शंका आली तर लायटरनं कोपरा पेटवून धुराचा वास घ्यायचा. त्याला पीपी, एचडी, एबीएस अशा प्लास्टिकच्या सगळ्या जाती आवाजावरून कळतात. मास्क नाही. मी विचारलं तर म्हणाला, मास्क लगाया तो बास कैसे आएगा मॅडम. आमच्या साउंडवालीनं त्या टक-टक आवाजाचं बराच वेळ रेकॉर्डिंग केलं आणि फिल्मचं टायटल याच आवाजावर येणार हे तिथंच ठरलं.

रात्री एक्स्प्रेसवेनं पुण्याला. खालापूरच्या पुढे पाऊण तास जाम होता, बाकी काही नाही.

मंगळवार – पुणे

पहाटे सहाला कोथरूडच्या एका सोसायटीत. इथं दारोदारचा कचरा घ्यायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. स्वच्छची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असायला पाहिजे, तेवढी ती नाहीये, म्हणून जरा सांगते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा कचरावेचक बायकांशी संबंध आला. या बायका बहुतेक दलित, कितीतरी जणी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांतल्या, दिवसभर कुंड्या उपसायच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की आम्हाला कुंडीतनं कशाला काढायला लावता, दारातच सुकं वेगळं द्या. त्यातूनच १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढाव अध्यक्ष. हमालांची संघटना बांधणाऱ्या माणसानं कचरावेचकांनाही कामगार मानलं ही फार मोठी गोष्ट होती. मग पुणे महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे २००७-०८ च्या सुमारास त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था झाली. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत.

ओळखपत्राचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. ताई म्हणाल्या, "कार्ड नव्हतं तवा पोलीस म्हणायचा भंगार चोरलं. कार्ड आल्यावर त्यालाच दाखवायचं, बघ साहेब, कामावर हाय." पंचवीसेक वर्षं झाली तरी पहिलं कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, आणि कॅमेऱ्यासमोर धरताना आधी पदराला पुसलं.

आम्ही त्यांच्या मागे मागे चार मजले चढलो उतरलो. दार उघडतं, डबा बाहेर येतो, दार बंद होतं, कितीतरी घरांत माणसाचं तोंडही दिसत नाही. एका आजोबांनी मात्र नाव घेऊन हाक मारली, पाणी विचारलं, सुका कचरा धुऊन पसरून दिला. ताई म्हणाल्या अशी दहा घरं असली की कमाई बरी होते, कारण तेल लागलेली पिशवी भंगारवाला अर्ध्या भावातही घेत नाही.

आणि लाल ठिपका. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल पेनानं ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही, एवढीच विनंती या बायका कित्येक वर्षं करतायत. ताईंची बकेट आम्ही शूट केली, गुंडाळ्या बऱ्याच, ठिपका मोजक्यांवर. मला तिथं खरंच राग आला. पेन प्रत्येक घरात असतं. ज्या बाईच्या हातात हे जाणार ती बाई तुम्हाला रोज सकाळी दिसते, तिच्यासाठी एवढंही होऊ नये?

दुपारी शेडवर बाकीच्या ताया वर्गवारी करत होत्या, पुठ्ठा, पांढरा कागद, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, काच. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं एका कोपऱ्यात साचलेली. त्याला गिऱ्हाईक नाही कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. म्हणजे विकणाऱ्यानं असं काही बनवलंय ज्याचं पुढे काय करायचं हे त्यालाच ठरवायचं नव्हतं. कायद्यात उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहे, पण त्या कोपऱ्यात ती जबाबदारी उचलून उभी होती एक साठीची बाई.

बुधवार – फुरसुंगी, उरुळी देवाची, दिवे घाट, सासवड

संपूर्ण प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा, माझ्या मते.

हडपसर सोडून सासवड रोडला लागलं की उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याचा कचरा नव्वदच्या दशकापासून इथं पडत आलाय, १६३ एकर. गावकऱ्यांनी कितीतरी वेळा गाड्या अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा तीनेक आठवडे गाड्या येऊच दिल्या नाहीत आणि पुण्यात चौकाचौकात ढीग लागले, तेव्हा कुठे शहराला या गावांची नावं कळली. पेपरात त्याला 'कचराकोंडी' म्हणत होते, पण कोंडी कोणाची झाली होती हे बघायला इथं यावं लागतं.

एका काकांच्या मळ्यात गेलो. विहीर दगडी बांधकामाची, जुनी, देखणी. पाणी चहाच्या रंगाचं. कचऱ्यातून पाणी झिरपतं ते काळं असतं, त्याला लीचेट म्हणतात, ते जमिनीत मुरत मुरत विहिरी-बोअरला लागतं. काका म्हणाले, "माझ्या आज्यानं ही विहीर खणली, आम्ही हिच्यात पोहायला शिकलो. आता गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. प्यायला टँकर." मग थोडं थांबून, "पोराचं लग्न चार वर्षं जमंना. पाव्हणे यायचे, वारं फिरलं की उठून जायचे." हे इथं प्रत्येक घरात ऐकू येतं, मुली द्यायला लोक तयार नसतात. मुलाखतीत काकू मागे उभ्या होत्या, त्यांना म्हटलं तुम्ही बोला ना काकू, तर त्या म्हणाल्या, "काय बोलायचं, आमच्या घरी आलेल्या माणसाला जेवा म्हणायची लाज वाटायची, एवढं लिहा."

आता उघड्यावर टाकणं बंद झालंय, काही भाग मातीनं झाकून टाकलाय आणि जुन्या ढिगांचं बायोमायनिंग चालतं. चाळणीतून जे बाहेर पडतं ते आम्ही जवळून बघितलं. काळी माती, तिच्यात काचेचा चुरा, आणि वर निघालेल्या प्लास्टिकच्या चिंध्या. एका पिशवीवरचं दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं, दुकान पेठेतलं, फोन नंबर सहा आकडी. पुण्यात सहा आकडी फोन नंबर होते तेव्हापासून ती पिशवी इथं पडून आहे. बायोमायनिंगमधून निघालेलं हे प्लास्टिक आता इतकं मळलेलं असतं की त्याचा दाणा बनत नाही, गठ्ठे बांधून जाळायला सिमेंटच्या भट्टीत जातं. घरात दहा सेकंदांत होणारं काम तीस वर्षांनी कोट्यवधी रुपये लावूनही नीट होत नाही.

अजून एक. आळंदीहून माउलींची पालखी पुण्यातून निघते ती याच रस्त्यानं दिवे घाट चढून सासवडला जाते. लाखो वारकरी या डेपोच्या कडेकडेनं चालतात. काका म्हणाले पालखीच्या दिवसांत इथली माणसं रस्त्यावर पाणी, चहा, भाकरी घेऊन उभी असतात, विकतचं पाणी आणून वारकऱ्यांना देतात. हे आम्हाला पालखीच्या वेळी शूट करायचंच आहे.

दुपारी दिवे घाट चढलो. मस्तानी तलाव खाली दिसतो तिथं पाच मिनिटं थांबलो. आणि घाट संपला की सासवड. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये एक लाख लोकसंख्येच्या आतल्या शहरांत देशात पहिलं. फुरसुंगीहून गाडीनं अर्धा-पाऊण तास, बास. मला हा फरक फिल्मच्या मध्यभागी हवाय, कारण पाऊस तोच, माती तीच, माणसं एकमेकांचे सोयरे.

सासवडात आम्ही काही भव्य बघितलं नाही, आणि तेच बघायचं होतं. घंटागाडी आली, गाडीला कप्पे, बायका डबे घेऊन बाहेर, एका मुलानं सगळं एकत्र आणलं तर गाडीवरच्या दादांनी शांतपणे डबा परत दिला, "वेगळा करून आण बाळा, मी थांबतो." आणि गाडी खरंच थांबली. पोरगं आत पळालं, आईचा आवाज आला, दोन मिनिटांत दोन डबे बाहेर. एवढाच सीन. शहर लहान आहे म्हणून हे जमतं असं सगळे म्हणतात, आमचा कॅमेरामनही म्हणाला, रात्री जेवताना यावर आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं, घंटागाडीच्या दादाला गल्ली नेमून दिली की गल्ली सासवडात काय आणि वडगाव शेरीत काय, तेवढीच असते. फरक थांबायची मुभा असण्यात आहे. मोठ्या शहरात गाडीला खेपा आणि वजन यावर पैसे मिळत असतील तर ती थांबेल कशाला, आणि वजनावर पैसे असतील तर ओलं-सुकं एकत्रच बरं, जड भरतं.

गुरुवार – कराड

जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा असं करत कराड. जेजुरीत पायऱ्यांवर भंडाऱ्याच्या रिकाम्या प्लास्टिक पुड्या, खंडोबाचा रस्ता पिवळा आणि कडेला त्या पिशव्यांच्या ओळी, मामांनी दोन ओंजळी उचलून डब्यात टाकल्या आणि काही बोलले नाहीत.

कराड २०२० मध्ये आणि जवळचंच विटा २०२१ मध्ये त्याच लहान शहरांच्या यादीत देशात पहिले आले होते. प्रीतिसंगमावर संध्याकाळी गेलो, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी फिरायला आलेली मंडळी. तिथं एका रिटायर्ड मास्तरांशी बोलणं झालं, त्यांनी एक मुद्दा चांगला सांगितला, की नंबर येतो त्या वर्षी सगळे धावतात, खरी परीक्षा नंबर येऊन गेल्यावर तिसऱ्या वर्षी असते, तेव्हा मुकादम बदललेला असतो, साहेब बदललेला असतो. यावर वेगळी फिल्म होईल. बाकी दिवस गाडीतच गेला.

शुक्रवार – कोल्हापूर, आंबोली

कोल्हापुरात कसबा बावड्याला कचऱ्याचा जुना डोंगर आहे, तिथं जास्त थांबलो नाही कारण देवनार-फुरसुंगीत जे मिळालं त्याच्यापेक्षा वेगळं काही मिळत नव्हतं. आम्हाला हवी होती पुराची गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा-कृष्णेला महापूर आला तेव्हा पाणी उतरल्यावर घराघरांतून काय बाहेर आलं? गाद्या, उशा, धान्याची पोती, फ्रीज, पोरांची दप्तरं, लग्नाचे अल्बम. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात वहिनी सांगत होत्या, गल्लीत घराच्या उंचीचा ढीग होता आणि त्यात कोणाचं काय हे ओळखू यायचं नाही, त्यांच्या सासूबाईंची पैठणी दुसऱ्याच्या ढिगात सापडली, चिखलात कडक झालेली. "कचरा म्हणून गाडीत टाकायचं होतं ओ, पण हात उठंना." २०२१ ला परत पूर आला. कचऱ्याच्या सरकारी हिशोबात हा कचरा धरलेला नसतो, ओला नाही, सुका नाही, संसारच असतो तो. मुलाखत संपल्यावर बराच वेळ कोणीच सामान आवरलं नाही.

पुढे आजऱ्यावरून आंबोली. फेब्रुवारीत धबधबे कोरडे, त्यामुळे पावसाळ्यात पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या कातळात उघड्या पडलेल्या दिसतात. दरीत उतरून त्या काढणारे तिथलेच लोक असतात.

शनिवार – वेंगुर्ला

ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो ते हे. वेंगुर्ल्याचं डंपिंग ग्राउंड. पण आता तिथं लोक बघायला येतात, शाळेच्या सहली येतात, बाग आहे, आणि वास नाही. मी हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, म्हणून आम्ही साउंडवालीला डोळे बांधून गेटमधून आत नेलं आणि विचारलं कुठे आलीस. ती म्हणाली नर्सरी आहे का. हा शॉट ठेवणार.

२०१५ नंतर रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना हे उभं राहिलं. गाव लहान, रोजचा कचरा काही टनांचा. घरातूनच ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू असं वेगळं घ्यायला सुरुवात केली, आणि केंद्रावर आल्यावर सुक्याचे वीसपेक्षा जास्त प्रकार होतात. रबर वेगळं, थर्माकोल वेगळं, चपला वेगळ्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, नारळाच्या करवंट्या वेगळ्या. ओल्याचा बायोगॅस होतो आणि त्याच्यावर इथल्याच मशीनला वीज मिळते. पालापाचोळ्याच्या कांड्या दाबून जळण बनवतात. भाव न येणारं प्लास्टिक बारीक करून डांबरात मिसळून रस्त्याला वापरलंय. पुढे कोकरे कर्जत-माथेरानला आणि मग कल्याण-डोंबिवलीला गेले, तिथंही शून्य कचऱ्याची मोहीम केली, म्हणजे हे फक्त कोकणातच चालतं असंही नाही.

पण मला मशीनपेक्षा बाजारातल्या मासेवाल्या काकी महत्त्वाच्या वाटल्या. मच्छी मार्केट म्हणजे गावातला सगळ्यात अवघड कचरा, बर्फाचं पाणी, खवले, आतडी. काकी सुरमई कापता कापता बोलत होत्या, "पयलो महिनो माका पण कंटाळो इलो. दोन बादल्यो, तीन बादल्यो, ह्यां काय म्हटलंय. मगे सवय झाली. आता कोणी एकत्र टाकल्यान तर मीच आरडतंय." मी विचारलं, दंडाच्या भीतीनं केलंत का? त्यांनी सुरी खाली ठेवली. "दंड मेलो खंयचो. आमचो झील त्याच गाडयेर कामाक आसा. त्याच्या हाताक लागतला ना."

मुलगा त्याच गाडीवर कामाला आहे, त्याच्या हाताला लागेल. या एका वाक्यासाठी मी मुंबईहून निघाले होते असं मला वाटलं. देवनारच्या मावशींचे हात कोणी ओळखत नाही, कोथरूडच्या ताईंचे हात दाराआडून दिसत नाहीत, आणि इथं कचरा टाकणाऱ्या बाईला माहीत आहे की पलीकडे कोणाचा हात आहे. यंत्रणा, टेंडर, ॲप यांच्याबद्दल कितीही बोलता येईल, पण या काकींनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

संध्याकाळी मामांनी त्यांच्याकडूनच बांगडे घेतले आणि आम्ही मुक्कामाच्या घरी तिरफळाचं तिखलं करून घेतलं. जेवण फार सुरेख झालं.

रविवार – गोवा

सातार्ड्यावरून गोव्यात. साळगावचा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, आधी रोजची १०० टनांची क्षमता होती, आता २५० टनांची. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरचा मिक्स कचरा इथं येतो, मशीन वेगळा करतं, ओल्यापासून गॅस आणि वीज, उरलेलं जळाऊ प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना. आधी या पठारावर उघडं डंपिंग होतं, त्यामानानं हे फारच चांगलं आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण मशीनच्या पट्ट्याजवळही माणसं उभी राहून हातानं काढतातच, कारण नारळ, दोरखंड, ओली बेडशीट मशीनला अडकते.

दक्षिणेत मडगावजवळ सोनसोडो. २०१९ च्या मेमध्ये तिथला ढीग पेटला आणि कित्येक दिवस धुमसत होता. तिथून पुढे एका शॅकमागे बाटल्या भरणारा झारखंडचा मुलगा भेटला. काच जड, भाव नगण्य, फुटली की हात कापतो, त्यामुळे काचेला कोणी हात लावत नाही, आणि पर्यटक इथं सगळ्यात जास्त टाकतो ती काचच. आणि हाच गोवा आहे जिथं पणजीत कचऱ्याचे सोळा प्रकार वेगळे करायची व्यवस्था महापालिकेनं लावली. म्हणजे किनाऱ्यावरही जमू शकतं, पण पाहुण्याला सांगायला कोणी तयार नाही, कारण पाहुणा नाराज होईल. मला हे पटत नाही. पाहुण्याला चपला काढायला सांगतो की आपण, मंदिरात सांगतो, घरात सांगतो, तो काढतो.

सोमवार – परत

गाडीत बसल्या बसल्या फुटेजची यादी केली. हातांचे शॉट भरपूर आहेत: मावशी, तेरा कंपाउंडचा पोरगा, ताई, घंटागाडीचे दादा, काकी, काचवाला. फिल्म त्याच क्रमानं लावायची असं आत्ता तरी ठरलंय, वरून घेतलेला एकही शॉट नाही. विकणाऱ्या कंपन्यांची बाजू अजून नाही, चकचकीत पाकिटं बनवणाऱ्या कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून बोलायला हवं, त्यासाठी पत्रं लिहायला सुरुवात केली आहे.

फुरसुंगीच्या काकांशी फोन झाला. विहिरीच्या पाण्याचे नमुने मेअखेर घ्यायचे आणि पाऊस लागल्यावर जुलैत परत घ्यायचे, बाटल्यांवर तारखा घालून, एकाच लॅबमध्ये तपासायचे. काका म्हणाले या, पण पालखीच्या आधी या, नंतर रानात पाय ठेवता येत नाही. काकूंनी मागून विचारलं, जेवायला थांबणार ना. थांबणार म्हटलंय.